आत्याचा डावा पाय

खोली रिकामी झाल्यावर कळलं की या खोलीत मोरीने केवढी जागा अडवली होती. कपाट गेलं, पलंग गेला, भिंतीवरच्या तसबिरी गेल्या, ट्यूबलाइटसुद्धा कुणीतरी काढून नेली. कोपऱ्यातली मोरी तेवढी राहिली. गुडघ्याएवढा कठडा आणि खाली काळा कडप्पा, घासून घासून मधोमध फिकट झालेला. डोंबिवलीतली ही चाळ आता पाडणार आहेत. आत्या किल्ली द्यायला आली होती आणि मी तिच्या सोबतीला. सिद्धूदादाने, तिच्या मुलाने, सकाळी घोडबंदर रोडवरून गाडीने आणून आम्हाला इथे सोडलं आणि तो कामावर गेला. बिल्डरचा माणूस अकराला येणार होता. आत्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. बसल्या बसल्या डावा पाय साडीखाली ओढून घेतला आणि समोरच्या बंद खोल्यांकडे बघत राहिली. मी मोरीसमोर उभी राहिले.

आत्याचा डावा पाय उजव्याच्या दुप्पट आहे. गुडघ्याखाली सगळा एकसारखा. घोटा कुठे सुरू होतो ते दिसत नाही. डॉक्टर त्याला लिम्फेडेमा म्हणायचे. चाळ सूज म्हणायची. गल्लीतली पोरं जे म्हणायची ते तिच्या पाठीमागे म्हणायची, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तो पाय कधी सुजला आणि कशामुळे, हे मी लिहिणार नाही. तिला भेटलेल्या प्रत्येकाने आधी तेच विचारलं आहे, जणू कारण सापडलं की दोष कुणाला द्यायचा ते ठरलं आणि मग घरी जायला मोकळे. मला तिचा पाय तसाच आठवतो. तसा नव्हता असा काळ माझ्या आठवणीत नाही.

मे महिना लागला की पप्पा मला ठाण्याहून इथे आणून सोडायचे. सकाळी सहाला आत्या मोरीच्या कठड्यावर बसायची, पाय खाली कडप्प्यावर. पाणी गरम चालायचं नाही. नळाचंच, हाताला लागेल न लागेल असं. साबण बिनवासाचा. ती पायावर फेस करायची, बोटांच्या फटींतून करंगळी फिरवायची आणि पाणी ओतायची. फेस कडप्प्यावरून जाळीकडे जाताना बारीक फुसफुस आवाज करायचा. तो आवाज आणि वरच्या खोलीतल्या स्टोव्हची घरघर, एवढ्यावर माझी सुट्टीतली सकाळ उजाडायची.

मग माझं काम. पप्पांच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्याचे तुकडे करून तिने ते उकळून, वाळवून डब्यात ठेवलेले असायचे. त्यातला एक घेऊन मी खाली बसायचे. घासायचं नाही, टिपायचं. आधी पाऊल, मग टाच, आणि शेवटी फटी.

"हजेरी घे," आत्या म्हणायची.

"अंगठा?"

"हजर."

"शेजारचा?"

"हजर, बाई."

"करंगळी?"

"करंगळी आली नाही. तिची आई म्हणते, अजून ओली आहे."

करंगळीची फट कधीच लवकर वाळायची नाही. तिथे कापडाचं टोक पिळून घालावं लागायचं आणि आत्याला गुदगुल्या व्हायच्या. ती मोठ्याने हसायची. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं, "झाली का गं शाळा?"

त्यानंतर आरसा. हातातला छोटा आरसा मी तळव्याखाली धरायचे आणि ती वाकून बघायची. भेग, खरचटणं, डासाचा चावा, काहीही. ती स्वतः आरसा धरून वाकली की पोट आड यायचं, म्हणून तिला दुसरा माणूस लागायचा; एरवी सिद्धूदादा, सुट्टीत मी. मी एकदा विचारलं होतं, रोज रोज काय बघतेस? ती म्हणाली, "उजव्या पायाला वॉचमन आहे. काही घुसलं तर तो बघून घेतो. डाव्याचा वॉचमन झोपाळू. म्हणून आपण जागं राहायचं." पुढे मोठेपणी मी लसिका, रोगप्रतिकार वगैरे शब्द वाचले. त्यांनी त्या वॉचमनपेक्षा फार जास्त काही सांगितलं नाही.

मग मलम, मग पट्टी. बोटांपासून वर, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. ती पट्टी गुंडाळताना तिचा चेहरा असा व्हायचा की त्या वेळी कुणी बोलायचं नाही. रात्री धुतलेल्या पट्ट्या वाळत असायच्या, पण बाहेरच्या दोरीवर नाही. आत, साडीच्या आडोशाला. त्यांना दमट रबराचा वास यायचा आणि मला तो आवडायचा. अजूनही एखाद्या औषधाच्या दुकानात तो वास आला तर मी उगाच दोन मिनिटं जास्त थांबते.

आत्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहायचं काम, पण तिने सुपरवायझरशी भांडून एक रिकामं खोकं मिळवलं होतं, पाय वर ठेवायला. संध्याकाळी ती यायची तेव्हा नखांच्या कडा कधी निळ्या, कधी पिवळ्या. वारा आमच्याकडे फिरला की कारखान्यांचा तो आंबूस, घशाला चिकटणारा वास खोलीत यायचा; मग खिडकी लावायची. ती जमिनीवर आडवी व्हायची, डाव्या पायाखाली तीन उशा. मी शेजारी, माझेही पाय भिंतीला वर लावून. तिथून छताचा एक कोपरा दिसायचा, जिथे रंगाचे पोपडे निघून नकाशासारखा आकार झाला होता. तो कुठला देश यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

पावसाळ्यात ती साचलेल्या पाण्यात पाय घालायची नाही. सगळी कंपनी गुडघाभर पाण्यातून घरी जायची आणि ती गेटवर दोन-दोन तास एकटी थांबायची. ऑक्टोबरात पट्टीखाली पाय उकडायचा. ती पंखा पायाकडे फिरवायची आणि स्वतः घामाने निथळत बसायची. विहारात चपला बाहेर काढायच्या म्हणून तिच्या पिशवीत धुतलेला मोज्यांचा जोड असायचा. अनवाणी ती कुठेच गेली नाही. कुणी शिंकत आलं तर त्याला दारातच उभं करायची. "सर्दी आहे ना? मग तिथूनच बोल, ऐकू येतं मला." लोक रागवायचे. साथीच्या वर्षी सगळं जग हात धुवायला शिकलं तेव्हा ती म्हणाली, "आले एकदाचे सगळे लायनीवर."

माझ्या दुसऱ्या घराचा वास शाईचा होता. पप्पा वागळे इस्टेटमध्ये एका प्रेसमध्ये मशिनवर होते. कामाचे तास संपले की मालकाच्या परवानगीने ते आपली पत्रकं छापायचे. स्वस्त कागद, गुलाबी, पिवळा, पोपटी. नळजोडणी, शाळेची फी, हुंडा, अंगात येणं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि गणितं केली त्यांच्या कोऱ्या पाठीवर. आमच्याकडे जेवताना वाद व्हायचे आणि वाद संपला की पप्पा म्हणायचे, "हे छापायला पाहिजे." मला वाटायचं सगळ्याच घरांत असंच असतं. जे चूक आहे ते कागदावर मांडायचं, चौकात वाटायचं, आणि लोक वाचून बदलतात.

एक पत्रक पाया पडण्याविरुद्ध होतं. पाया पडणं हा मान नाही, कोण वर आणि कोण खाली हे लहानपणीच पाठीच्या कण्याला शिकवण्याची ती रीत आहे. आपल्या माणसांना शतकानुशतकं वाकवलं, आता आपणच आपल्या पोरांना वाकवायचं का? असं काहीसं. मला ते पाठ होतं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला ते पटलं होतं. आजही पटतं. पुढे जे झालं त्यामुळे त्या पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

सिद्धूदादाचं लग्न कल्याणला एका हॉलमध्ये झालं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मोगरा, माइकमधून येणारी खरखर. वंदना झाली, जेवणं झाली. मग म्हातारी मंडळी भिंतीशी खुर्च्यांवर ओळीने बसली आणि नवरा-नवरीमागोमाग सगळी तरुण पोरं पाया पडत निघाली. पत्रकं घेऊन वाचणारीच घरं होती ती, पण लग्नात कमरा आपोआप वाकतात. मी त्या ओळीत होते. प्रत्येकापुढे थांबून मी हात जोडले, मान ताठ, आणि म्हटलं, "जय भीम, काका. जय भीम, मावशी." एक म्हातारे हसून म्हणाले, "वा! आली बघा बापाची पोर." हॉलच्या टोकाला उभे असलेले पप्पा बघत होते आणि त्यांचा ऊर भरून आलेला मला इतक्या लांबून कळत होता.

सगळ्यात शेवटी आत्या. लग्नासाठी तिने डाव्या पायाची चप्पल खास करून घेतली होती, सोनेरी पट्ट्याची, उजव्याहून दोन नंबर मोठी. मी तिच्यापुढे आले. आणि एक पाऊल मागे सरले. मग हात जोडले.

एवढंच झालं. तिने "जय भीम" म्हटलं आणि पाय साडीखाली ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी डब्यातून कापड काढलं. आत्या आत गेली होती. मोरीपुढे तिने जुनी साडी पडद्यासारखी बांधली होती. पडद्याआडून म्हणाली, "राहू दे गं. आता मोठी झालीस तू. माझं मी करते." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. मोठी झाले हे कुणीतरी मान्य केलं, असं वाटलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

त्यानंतरच्या सुट्ट्या अशाच गेल्या. पडदा कायम राहिला; आरसाही तिने पुन्हा कुणाला, अगदी सिद्धूदादालाही, धरू दिला नाही. मी कॉलेजला गेले, मोर्चांना गेले, पप्पांच्या पत्रकांची भाषा मीच सुधारू लागले. मधून मधून सिद्धूदादाचा फोन यायचा. आत्याला हुडहुडी भरून ताप आला, पाय गुडघ्यापर्यंत लाल झालाय, ॲडमिट केलंय. बोटाच्या फटीत भेग होती, तिला दिसली नाही. बरी होऊन घरी आली. पुन्हा काही महिन्यांनी तेच. प्रत्येक तापानंतर पाय आणखी थोडा वाढायचा आणि पूर्वीइतका कमी व्हायचा नाही. मी फळं घेऊन भेटायला जायचे. ती चादरीखाली पाय झाकून बसलेली असायची. आम्ही निवडणुकीवर बोलायचो.

"काय शोधतेस तिथे?" दारातून आत्याचा आवाज आला. "सोनं पुरलेलं नाही मी."

मी वळले. उन्हाची तिरीप तिच्या पावलापर्यंत आली होती आणि साडीच्या काठाखाली पट्टी ओली दिसत होती. ओली आणि पिवळसर.

"आत्या, पट्टी ओली कशी?"

"घाम आलाय."

"घाम पिवळा असतो?"

"तू पुढारीण होतीस, डॉक्टर कधी झालीस?"

"दाखव."

"घरी गेल्यावर बघते मी. बस गुपचूप."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. शेवटी ती म्हणाली, "काल इथलं उरलंसुरलं सामान बांधताना ट्रंकेचा पत्रा लागला. एवढुसं आहे."

"दादाला सांगितलंस?"

"त्याला कशाला? दोघं सकाळी आठला बाहेर पडतात, येतात ते ट्रॅफिकमधून मरून. परत दवाखाना, परत सुट्ट्या. नव्या घरात पाऊल ठेवून महिना नाही झाला, आणि लगेच माझ्या पायाचं सुरू?"

"मग मला सांगायचंस."

"तुला?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुला तर नाहीच."

नळाला पाणी नव्हतं. कनेक्शन तोडलेलं होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या आणल्या, साबणाची वडी आणली, गाळणं म्हणून विकतात तसलं पांढरं सुती कापड आणलं. परत आले तेव्हा ती खुर्चीतून उठली नव्हती. मी म्हटलं, "चल, मोरीत." ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "मग इथेच धुते, दारात, सगळ्यांच्या देखत." तेव्हा ती भिंत धरून आली आणि कठड्यावर बसली.

"आधी तुझे हात धू," ती म्हणाली. "साबणाने. मनगटापर्यंत. दाराचं कुलूप धरलंयस तू."

मी हात धुतले. पट्टी सोडली. नडगीवर नखाएवढी चीर होती आणि तिच्याभोवती तळहाताएवढी जागा लाल. हात जवळ नेला तरी गरम लागत होती. मी पाणी ओतलं, फेस केला. कातडी मला आठवत होती त्याहून जाड झाली होती, झाडाच्या सालीसारखी. पण बोटं तीच. माझ्या हाताला त्यांचा क्रम माहीत होता.

"लग्नात," आत्या मोरीच्या जाळीकडे बघत म्हणाली, "सगळ्यांपुढे ताठ उभी राहिलीस. मला मजा वाटली. म्हटलं, भावाची पोर आहे, हिच्याकडून वेगळं काय होणार? माझ्यापाशी आलीस आणि मागे सरलीस. मी बघितलं ते."

"सरले मी."

"मग? रोज टिपायचीस तेव्हा तुला कळत नव्हतं, लहान होतीस. मोठी झाल्यावर घाण वाटली असणार. वाटते लोकांना. माझं काही म्हणणं नाही."

"वाकायला लागले होते, म्हणून सरले."

तिने माझ्याकडे बघितलं.

"बाकी कुणापुढे काही झालं नाही," मी म्हटलं. "तुझ्यापुढे आल्यावर हात आपोआप खाली जायला लागले. सवयीने. एवढ्या लोकांसमोर पाया पडणार नाही म्हणून मिरवत आलेले, आणि तुझ्यापाशी येऊन पडणारच होते. म्हणून मागे झाले."

बाटलीतलं पाणी संपलं होतं. मी कापडाने टिपत होते.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं? तुमच्या घरात तर सगळं छापतात!"

"तूही कधी विचारलं नाहीस."

"मी विचारायचं?" आत्याचा आवाज चढला. "पाय माझा, लाज माझी, ताप मला, आणि विचारायचं पण मीच?"

माझ्या एका पावलाने तिचा आरसा धरणारा माणूस काढून घेतला होता, आणि त्याची भरपाई कुठल्याही स्पष्टीकरणाने होत नाही. नडगी वाळली. मी पर्समधून पेन काढलं आणि लाल जागेच्या कडेने, जिथे लाली संपत होती तिथून, सबंध गोल रेषा ओढली. मागच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांनी असंच केलेलं मी पाहिलं होतं. लाली रेषेबाहेर गेली तर ती पसरते आहे. पेनाचं टोक हलकं ठेवावं लागलं. बाजूला वेळ लिहिली, दहा चाळीस.

"उद्या दाखवू," आत्या म्हणाली.

"आत्ता."

"बिल्डरचा माणूस यायचाय."

"किल्ली दुकानात ठेवू."

"तुझा बाप असाच होता. घाई." पण ती उठली.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता, रिक्षाने गेलो. जखमेवर कापडाची सैल घडी ठेवली होती, पट्टी परत बांधली नव्हती. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं होती, आमचा नंबर सहावा. मी सिद्धूदादाला मेसेज केला. आत्या शेजारी बसली आणि सवयीने साडी पुढे ओढू लागली. मध्येच थांबली.

"खाली लोंबकळत ठेवला तर आणखी सुजेल," ती म्हणाली. "मांडी दे."

तिने दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. उघडा, सालीसारखा, निळ्या रेषेसकट. बाकावर सगळ्यांच्या माना वळल्या. समोरचे एक गृहस्थ बघतच राहिले.

"काय बघताय काका?" आत्या म्हणाली. "पाय आहे. आजारी आहे म्हणून डॉक्टरांकडे आणलाय."

त्यांनी घाईने भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला. बाकावरची एक बाई खुदकन हसली आणि मग तिनेच विचारलं की दुखतो का. आत्या तिला सांगू लागली. कसा धुवायचा, कसा टिपायचा, लाली दिसली की थांबायचं नाही. लपवलं होतं मी कालपासून, चूक झाली, हेही सांगितलं. बोलता बोलता अधूनमधून मला विचारत होती, "लाली रेषेच्या आत आहे ना गं?"

"आत आहे."

पाय जड होता. पहिल्या दहा मिनिटांत माझी मांडी बधिर झाली, मग मुंग्या आल्या, मग काहीच कळेनासं झालं. अजून चार नंबर बाकी होते. मी हलले नाही.